लघवी आवरत नाही? आधी गोळ्यांची पिशवी उघडा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत म्हाताऱ्या माणसांची औषधं पुष्कळदा एकाच डॉक्टरांची नसतात. बीपीची गोळी बेळगावची, सांधेदुखीची मिरजेची, सर्दीची गावातल्या मेडिकलची. लघवी आवरेनाशी झाली की त्यात आणखी एक पडते. तसं करण्याआधी सगळ्या स्ट्रिप एकदम डॉक्टरांपुढे ठेवा, कारण काही वेळा दुखणं त्यातूनच आलेलं असतं.

लघवी वाढवणारी फ्रुसेमाइड संध्याकाळी घेतली तर रात्री उठावं लागतं. बीपीच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजतात आणि आडवं झाल्यावर ते पाणी लघवीवाटे उतरतं. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिन साखरेबरोबर पाणीही बाहेर काढते. बीपीच्याच प्राझोसिनने मूत्रमार्गाची पकड सैल होते, मग बायकांना खोकताना गळतं. स्वतःहून मात्र एकही बंद करू नका. वेळ किंवा गोळी बदलून मिळते. जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठताही तपासून घ्यावी.

खोकताना, शिंकताना गळत असेल तर गोळीपेक्षा व्यायाम बरा: लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळून सोडायचे, एका वेळी निदान 8 वेळा, दिवसातून 3 वेळा, 3 महिने.

एकदम घाई होऊन संडासापर्यंत दम निघत नसेल, तर गोळीचा उपयोग होतो. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन या गोळ्या मूत्राशयाला आवळायला सांगणाऱ्या ॲसिटिलकोलीनची वाट अडवतात. पण हेच रसायन लाळ, आतडी, डोळे आणि स्मरणशक्तीलाही लागतं. म्हणून तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, काहींना भ्रम होतो. थकलेल्या म्हाताऱ्यांना ऑक्सिब्युटिनिन शक्यतो देऊच नये. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन तोच परिणाम करतात, त्यामुळे भार वाढत जातो. स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल चालू असेल तर दोन्ही औषधं एकमेकांविरुद्ध ओढतात.

मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने मूत्राशय सैल ठेवते, डोक्यावर भार टाकत नाही. साधारण 25 मिलिग्रॅमपासून सुरुवात होते. गोळी चावू किंवा मोडू नये. बीपी 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर ती द्यायची नाही, आणि सुरू केल्यावर बीपी मोजत राहायचं. गुण यायला 4 ते 8 आठवडे लागतात, आठवड्यात सोडून देऊ नका.

पुरुषांमध्ये प्रोस्टेट वाढल्यामुळे मूत्राशय भरून वाहत असेल तर या गोळ्यांनी लघवी साफ तुंबू शकते. म्हणून आधी सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर किती उरते ते पाहून घ्या. काचबिंदू असेल तर तेही सांगा. गोळी सुरू झाल्यावर लघवी अडली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.