शिवीगाळ: गधेगाळीपासून फिर्यादीपर्यंत

‘शिवीगाळ व दमदाटी केली’ हे वाक्य सोलापूरच्या कुठल्याही पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीत हमखास सापडते. त्यातला ‘गाळ’ हा चिखलाचा नव्हे, संस्कृत ‘गालि’पासून आलेला. शिवी हासडतात किंवा घालतात, शिवीगाळ ‘करतात’. म्हणजे एक शब्द नव्हे, भडिमार.

हाच ‘गाळ’ गधेगाळीतही आहे. शिलाहार-यादव काळातल्या या दानशिळांवर वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली स्त्री व गाढव कोरलेले असते. दान मोडणाऱ्याच्या आईवरून दिलेली ती शिवीच. 1187 च्या परळ शिलालेखात ती अक्षरांतही आहे. म्हणजे आज ज्यावर गुन्हा नोंदवतात, ते तेव्हा सरकारी कागदपत्राचे संरक्षक कलम होते! आपल्या जिल्ह्यातल्या हत्तरसंग-कुडलच्या 1018 च्या लेखाचा शेवट मात्र आशीर्वादाने होतो: ‘वाछि तो विजेया होइवा’, म्हणजे हे वाचील तो विजयी होवो.

इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेच्या कलम 504 ने नुसत्या शिवीला नव्हे, तिच्यामागच्या हेतूला गुन्हा ठरवले. त्यानुसार अपमान जाणूनबुजून केलेला हवा आणि त्यामुळे समोरचा चिडून शांतता मोडेल असा करणाऱ्याचा हेतू किंवा तशी जाणीव हवी. 1 जुलै 2024 पासून हेच भारतीय न्याय संहितेचे कलम 352 आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली तरी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. लोक चिडतात ते इथेच.

फिर्याद लंगडी पडते ती ‘अश्लील शिवीगाळ केली’ एवढ्यावर थांबल्याने. शब्द जसेच्या तसे हवेतच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले; पण चिथावणीचा हेतू तक्रारीतून दिसायला हवा. म्हणून शब्द, जागा, वेळ, ऐकणारे आणि आधीचा वाद लिहावा. सोलापूर शहराच्या पूर्वभागात भांडण तेलुगूत होते, अक्कलकोटकडे कानडीत. तेलुगूतला ‘तिट्टु’ काय आणि कानडीतला ‘बैगुळ’ काय, दोन्ही म्हणजे शिवीच; तिचे मूळ शब्द देवनागरीत उतरवून पुढे मराठी अर्थ द्यावा. नुसता अर्थ दिला की धार जाते.

जातिवाचक शिवीगाळीचे गणित वेगळे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला त्या समाजाबाहेरच्याने लोकांच्या नजरेसमोर जातीवरून शिवी दिली, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. तो गुन्हा दखलपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी नसताना झालेली शिवीगाळ त्यात बसत नाही. म्हणून तिथे साक्षीदारांची नावे सर्वांत आधी विचारतात.