एकच चेनरिंग आणि दात्याच्या मध्यावरचा वाद

42 दात्यांची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची पुढची दातेरी चकती, उजेडात तिरकी धरली की लक्षात येतं, सगळे दाते सारखे नाहीत. एक जाड, एक बारीक, पुन्हा जाड. चेनच्या कड्याही आळीपाळीने अशाच येतात, एक आतून अरुंद, पुढची रुंद. जाड दाता रुंद कडीत घट्ट बसतो, बारीक दाता अरुंद कडीत, आणि सायकल खड्ड्यात आदळली तरी चेनला बाजूला सरकायला जागा उरत नाही. म्हणून या चेनरिंगचे दाते कायम सम संख्येत. 41 ची मागायला गेलात तर मिळणार नाही. चेन चढवताना एका कडीची चूक झाली की जाड दाता अरुंद कडीखाली येतो, चेन वर उचलली जाते आणि क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, अडखळतो. पहिल्यांदा बसवणारे बहुतेक जण हे करतात. मी दोनदा केलं.

रोड बाइकची पुढची दुसरी चेनरिंग आणि फ्रंट डिरेलर (चेन ढकलून गिअर बदलणारा पुढचा भाग) काढून तिथे बाहेरून विकत घेतलेली एकच चेनरिंग लावायची, या टुमेच्या मुळाशी हा दाता आहे. वजन कमी होतं, दिसायला सुटसुटीत दिसतं, हे सगळं नंतरचं.

रेसच्या सायकलला पुढे एकच चेनरिंग असणं तसं जुनंच. टूर द फ्रान्समध्ये 1937 साली डिरेलरला परवानगी मिळाली. त्याआधी घाट आला की खाली उतरायचं, मागचं चाक काढायचं आणि उलटं बसवायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूचा सोपा गिअर लागायचा. पुढे दोन चेनरिंग आल्या त्या मागच्या चार-पाच कॉगमध्ये (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांमध्ये) पुरेसे गिअर मिळेनात म्हणून. मागे दहा-अकरा कॉग मावू लागल्यावर तो हिशोबच फिरला. तरी एक अडचण होती. साध्या चेनरिंगचे दाते मुद्दाम असे घडवलेले असतात की फ्रंट डिरेलरने ढकललं की त्यांनी चेन सोडावी. डिरेलर काढला आणि दाते तेच ठेवले, तर ते न ढकलताही सोडतात. चिखलमातीत शर्यत करणारे सायक्लोक्रॉसवाले त्यामुळे चेनरिंगच्या दोन्ही अंगांना गार्ड लावून धावायचे.

नावाचाही गोंधळ आहे. दुकानात ‘सिंगल’ म्हटलं की मागेही एकच कॉग असलेली सिंगल-स्पीड समोर येते. म्हणून सायकलवाले ‘वन बाय’ म्हणतात, म्हणजे पुढे एक आणि मागे कितीही. दात्यांच्या या रचनेला सगळे ‘नॅरो-वाइड’ म्हणतात, पण ज्या कंपनीने ती सायकलच्या बाजारात गाजवली तिने स्वतःच्या मालाला वेगळंच नाव दिलं होतं. ‘नॅरो-वाइड’ हे नाव तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या चेनरिंगवर छापलेलं असायचं. हा प्रतिस्पर्धी पुढे कोर्टात तिच्या समोर उभा राहिला.

ही रचना गाजवणाऱ्या शिकागोच्या त्या कंपनीने 2012 साली माउंटन बाइकसाठी पुढे एक, मागे अकरा असा संच काढला. मागचा सगळ्यात लहान कॉग 10 दात्यांचा, मोठा 42 चा. संच महाग होता, पण खरी करामत पुढच्या चेनरिंगमध्ये होती हे लोकांनी लगेच ओळखलं. वर्षभरात जाड-बारीक दात्यांच्या चेनरिंग इतरांनीही विकायला काढल्या. त्यात सीएनसी मशिनवर ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून रिंग कापणारी छोटी वर्कशॉपं होती. अख्खा संच न घेता जुन्याच क्रँकवर ‘वन बाय’ करता येतं हे गिऱ्हाइकाला त्यांनी दाखवलं. माझा कल त्यांच्याकडे आहे, हे लपवत नाही.

2015 साली शिकागोवाल्यांना पहिलं पेटंट मिळालं, पुढच्या वर्षी दुसरं, आणि दोन्हींवरून दावे झाले. समोर होता तोच प्रतिस्पर्धी, कॅनडातला पार्ट बनवणारा ब्रँड, जो तोवर कॅलिफोर्नियातल्या एका सस्पेन्शन कंपनीने विकत घेतला होता. त्या बाजूने उलट पेटंटच रद्द करा अशी मागणी केली. त्यांचं म्हणणं होतं, यात नवीन काय? 1981 च्या एका जपानी अर्जात जाड-बारीक दाते आहेत. 1968 च्या एका अमेरिकी पेटंटमध्ये दाता कडीतली किती जागा भरतो याचे आकडेही आहेत. सायकलच्या बाहेर पाहिलं तर 1970 च्या दशकाच्या शेवटी शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीनेही अशा दात्यांचं पेटंट घेतलं होतं.

पेटंट कार्यालयाच्या मंडळाने आधी शिकागोवाल्यांची बाजू उचलली. माल एवढा खपला, एवढी वाहवा झाली, गोष्ट इतकी उघड असती तर आधीच कुणी केली नसती का, असा युक्तिवाद होता. 2019 च्या डिसेंबरात अपील कोर्टाने पहिल्या पेटंटबाबत तो मान्य केला नाही आणि प्रकरण परत पाठवलं. खपलेल्या मालाचा महत्त्वाचा गुण कोणता? जाड दाता कडीतली 80 टक्क्यांहून जास्त जागा भरतो, हा. पण या पेटंटच्या हक्काच्या मजकुरात तो गुण लिहिलेलाच नव्हता, लिहिला होता दुसऱ्यात. मग मालाच्या यशाचं श्रेय आपोआप याच पेटंटला कसं द्यायचं? दुसऱ्या पेटंटमध्ये ते 80 टक्के होते, आणि 2020 मध्ये तेच कोर्ट त्याच्या बाजूने उभं राहिलं. 1968 च्या पेटंटमधला आकडा होता दात्याच्या मुळाशी, इथला दात्याच्या उंचीच्या मध्यावर. चेन धरून ठेवण्याच्या दृष्टीने हा फरक खरा आहे, कारण मूळ रुंद करणं सोपं, वर निमुळत्या होत जाणाऱ्या दात्याचा मध्य रुंद ठेवणं अवघड. तरीही मिलिमीटरच्या हिशोबातल्या या जागेवर एवढी वर्षं गेली.

रस्त्यावरच्या सायकलींसाठी शिकागोच्याच कंपनीने 2015 मध्ये संच आणला, सायक्लोक्रॉसचा त्याच्या आदल्या वर्षी आला होता. 2017 साली तर फ्रंट डिरेलर लावायची सोयच नसलेली, वारा कापणारी एरो फ्रेम निघाली. आयर्लंडचा एक व्यावसायिक संघ 2018 चा मोसम तीच घेऊन उतरला. चेन पडते, दोन गिअरमध्ये अंतर फार, अशा तक्रारी झाल्या, संघाच्या मालकाने त्या जाहीरपणे बोलून दाखवल्या आणि ऑगस्टमध्ये संघ गुंडाळल्याची बातमी आली. संघ निव्वळ चेनरिंगमुळे बुडाला नाही, पण बदनामी चेनरिंगच्या वाट्याला आली. 2023 च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीतल्या मोठ्या शर्यतीत, मोंते लुसारीच्या चढावरच्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्यात) एका स्लोव्हेनियन रायडरने पुढे एकच चेनरिंग लावली, मागे माउंटन बाइकसारखा 10 ते 44 दात्यांच्या कॉगचा संच, म्हणजे कॅसेट. ऐन चढावर त्याची चेन पडली. ती चढवून त्याने ती शर्यत 40 सेकंदांनी मारली आणि अख्खी स्पर्धा 14 सेकंदांनी. ‘वन बाय’चे समर्थक आणि विरोधक दोघेही दाखला याच दिवसाचा देतात.

जुन्या क्रँकवर रिंग बसवणाऱ्याला यातलं थोडंच लागतं. कॉम्पॅक्ट क्रँकचं बोल्टांचं वर्तुळ 110 मिमी, तेवढं जुळवायचं. दोन रिंगांचे बोल्ट एका रिंगला लांब पडतात, ते आखूड घ्यायचे किंवा मधे वॉशर घालायचे. रिंग बाहेरच्या जागी लावली की मागच्या मोठ्या कॉगवर चेन तिरकी धावते आणि करकरते. मागच्या डिरेलरला क्लच असेल तर चेन ताणलेली राहते, माउंटन बाइकवर तो 2011 च्या सुमारास आला.

उरतं घाटाचं गणित. 34 ची छोटी रिंग आणि मागे 32 असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच्या जवळपास जाते. पुढे 42 आणि मागे 34 केलं की तोच आकडा 2.60 मीटर होतो, आणि प्रत्येक फेऱ्याला तेवढा जोर पायाने द्यावा लागतो. सपाटीवर 42 ला मागे 11 लावून मिनिटाला 90 फेरे मारले तर ताशी 43 किमी मिळतात, मला पुरून उरतात. सिंहगडाच्या घाटात मी 42 घेऊन एकदा गेलो. दुसऱ्या वेळी पुढे 38 होती.