जुकोतली दोन वर्षं कुणाच्या खात्यावर? : पार्श्वभूमी

आधी शब्दाचा गुंता. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत ती दोन वर्षं हायस्कुलातच जातात, आणि तिथलं ज्युनिअर कॉलेज सुरू होतं ते बारावीनंतर. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, कमी फी, प्रवेश जवळपास कुणालाही. इमारतीवर आता बहुतेक ठिकाणी ‘कम्युनिटी कॉलेज’ अशी पाटी असते, पण अमेरिकन फुटबॉलवाल्यांच्या तोंडी ‘जुको’ बसलंय ते बसलंय. त्यात भर म्हणजे चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ‘ज्युनिअर’च म्हणतात, त्यामुळे ज्युनिअर कॉलेज संपवून आलेला मुलगा विद्यापीठात पाऊल टाकतो तेव्हा ज्युनिअर होतो. पुण्यातल्या मावशीला हे फोनवर समजावून पाहा.

हा गुंता नुसत्या नावाचा असता तर बरं झालं असतं. जुको हे खरंच कॉलेज आहे का, म्हणजे तिथले हंगाम खेळाडूच्या विद्यापीठातल्या हंगामांत मोजायचे का, या प्रश्नाचं उत्तर गेली नव्वद वर्षं ज्याच्या त्याच्या सोयीनं बदलत आलंय. ‘जुकोतला तयार गडी घ्यावा की हायस्कुलातलं कोवळं पोर’ हा कोचमंडळींचा नेहमीचा वाद गुणवत्तेचा वाटतो, परिपक्वतेचा वाटतो. मुळात तो या प्रश्नाचा आहे.

१९३७ साली कॅलिफोर्नियातल्या काही दोन वर्षांच्या कॉलेजांनी विद्यापीठांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेकडे अर्ज केला, की आमच्या धावपटूंना तुमच्या ट्रॅक स्पर्धेत उतरू द्या. उत्तर आलं, नाही. तेव्हा १९३८ च्या मे महिन्यात १३ कॉलेजांची माणसं फ्रेझ्नोत जमली आणि त्यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. पुढे कॅलिफोर्निया त्यातूनही वेगळा झाला. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत आजही खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, पोरं घरभाडं स्वतःच्या खिशातून भरून खेळतात. हा नकार लक्षात ठेवावा. ‘तुम्ही आमच्यातले नाही’ असं तेव्हा सांगणारी संघटना आणि तिथली वर्षं आज ‘कॉलेजातली’ म्हणून मोजणारी संघटना एकच आहे.

१९७२ पर्यंत जुकोची बाजू वरचढ होती, आणि त्याचं कारण सरळ होतं. मोठ्या संघांत पहिल्या वर्षाच्या मुलाला मुख्य संघातून फुटबॉल खेळायला बंदी होती. हायस्कुलातून आणलेला मुलगा वर्षभर नवख्यांच्या संघात राहायचा आणि त्याची शिष्यवृत्ती चालू राहायची. जुकोवाला मात्र दोन हंगाम खेळून आलेला असे आणि पहिल्याच शनिवारी मैदानात उतरे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजातून १९६७ साली लॉस एंजेलिसला गेलेल्या एका रनिंग बॅकनं (चेंडू घेऊन धावणाऱ्यानं) दुसऱ्याच हंगामात हाइजमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम विद्यापीठ फुटबॉलपटूचा मान) घेतली.

१९७२ मध्ये ती बंदी उठली आणि हायस्कूलच्या मुलाची किंमत एका रात्रीत वाढली, कारण तो आता चार हंगामांचा खेळाडू झाला. लगेच १९७३ मध्ये शिष्यवृत्त्यांवर मर्यादा आली: एका संघाला १०५. ती १९७८ मध्ये ९५ आणि १९९४ पर्यंत ८५ वर आली, आणि वर्षाला नवे जास्तीत जास्त २५. इथं साधा हिशेब करून पाहा. दर वर्षी पंचवीसच्या पंचवीस मुलं जुकोतून घेतली आणि प्रत्येक जण तीन वर्षं राहिला, तरी आकडा ७५ च्या वर जात नाही. हायस्कुलातून घेतलेला मुलगा चार-पाच वर्षं टिकतो. म्हणून बहुतेक संघांनी जुकोला ठिगळाचं काम दिलं. डावा टॅकल दुखावलाय, दोन कॉर्नरबॅक एकदम चाललेत, मग आण एक जुकोतून.

जुकोला चिकटलेला ‘अभ्यासात कच्चा’ हा शिक्का मात्र याच्या नंतरचा आहे, १९८६ चा. १९८३ च्या जानेवारीत मंजूर झालेला आणि तीन वर्षांनी लागू झालेला नियम म्हणत होता, की हायस्कुलात ११ मुख्य विषयांत २.० ची सरासरी आणि प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी ७०० गुण, नाहीतर पहिलं वर्ष बाहेर. खेळणं दूरच, सरावही नाही. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांच्या प्रमुखांनी तेव्हाच सांगितलं होतं, की परीक्षेचा आकडा मुलाची अक्कल मोजत नाही, त्याचं गाव मोजतो. पहिल्या फटक्यात बाद झालेल्यांत कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण फार मोठं निघालं. ही मुलं गेली कुठे? जुकोत. कोच तर मुलाची सही घेऊन त्याला आपल्या ओळखीच्या जुकोत ठेवत, दोन वर्षांनी उचलायच्या बोलीवर. या प्रकाराला ‘साइन अँड प्लेस’ असं नावच होतं. गहाण ठेवलेला दागिना सोडवून आणावा, तसं.

जुकोवर सगळा डाव लावणारे तरीही होते. कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा संघ हा अव्वल विभागात ५०० पराभव गाठलेला पहिला संघ. १९८९ मध्ये तिथं नवा कोच आला. त्याच्या हातात हायस्कूलच्या नामांकित मुलांना दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, पण दाराशी कॅन्ससची जुको लीग होती. तिथून आणि टेक्सासमधून त्यानं माणसं गोळा केली. टेक्सासच्या ब्लिन कॉलेजातून आलेल्या क्वार्टरबॅकनं (संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूनं) १९९८ मध्ये संघाला ११-० पर्यंत नेलं. त्यांच्या बिग १२ लीगचा अंतिम सामना दोन जादा डावांनंतर ३६-३३ असा निसटला. त्याच ब्लिनमधून २०१० मध्ये ऑबर्न विद्यापीठाला एक क्वार्टरबॅक मिळाला. फ्लोरिडा विद्यापीठातून निघून तो एक वर्ष जुकोत खेळला होता, आणि ऑबर्नला त्यानं पहिल्याच वर्षी हाइजमन आणि राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही मिळवून दिलं. अशा मुलाला ‘बाउन्स-बॅक’ म्हणतात. वरून खाली, पुन्हा वर.

राज्याराज्याचे कायदे वेगळे, तेही ध्यानात घ्यावेत. कॅन्ससमध्ये ही कॉलेजं स्थानिक मालमत्ता कराच्या पैशावर चालतात, म्हणून संघात राज्याबाहेरचे २० च खेळाडू अशी मर्यादा होती. ती २०१६ मध्ये उठली आणि फ्लोरिडा-जॉर्जियाची पोरं गव्हाच्या शेतांमधल्या गावांत उतरली. ॲरिझोनात याच करदात्यांच्या खर्चाचं कारण देऊन फिनिक्स भागातल्या चार कॉलेजांनी २०१८ च्या हंगामानंतर फुटबॉलच बंद केला.

आता त्या आकड्यांकडे येऊ, ज्यांच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. भरती करणाऱ्या कोचच्या यादीत जुकोवाल्याच्या नावापुढे उंची-वजनाच्या रकान्याशेजारी ‘थ्री फॉर टू’, ‘फोर फॉर थ्री’ किंवा ‘टू फॉर टू’ असं लिहिलेलं असतं. थ्री फॉर टू म्हणजे तीन वर्षं हातात, त्यात दोन हंगाम खेळायचे. हे येतं ‘घड्याळा’वरून. कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ नाव घातलं की पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं आणि त्या पाचात चार हंगाम मिळतात. जुकोत दोन खेळले, तर उरले दोन. मुलगा डिसेंबरातच पदवी घेऊन निघाला तर तो जानेवारीत विद्यापीठात येतो, वसंतातला सराव त्याला मिळतो, आणि कोचच्या दृष्टीनं तो निम्मा जास्त मोलाचा होतो. ‘डिसेंबर ग्रॅड आहे का?’ हा भरतीच्या फोनवरचा पहिला प्रश्न असे. पूर्वी कोच डिसेंबरात जुकोवाल्यांच्या सह्या घेऊन, उरलेल्या जागा पाहून फेब्रुवारीत हायस्कूलवाल्यांकडे वळायचे. डिसेंबर २०१७ पासून हायस्कूलच्या सह्याही डिसेंबरातच होऊ लागल्या आणि जुकोची ती आघाडी गेली.

त्यानंतरचं सगळं दाटीवाटीनं आलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, उघडलं. २०२१ मध्ये एकदा संघ बदलल्यास वर्षभर न खेळता बसण्याची अट गेली, आणि त्याच जुलैत खेळाडूंना आपल्या नावावर जाहिराती वगैरेंतून पैसे मिळवायची मुभा मिळाली. २०२० चा महामारीचा हंगाम कुणाच्याच खात्यावर धरायचा नाही असं ठरलं, त्यामुळे जुने खेळाडू एक वर्ष जास्त थांबले. तयार, मोठ्या संघात खेळलेला गडी पोर्टलवर बसल्या जागी मिळत असेल तर कॅन्ससच्या रस्त्यांवर गाडी कोण हाकेल? पोर्टलनं हायस्कूलवाल्याच्या जागा खाल्ल्या, हे बरंच लिहिलं गेलंय. जुकोवाल्याचं ठिगळाचं काम तर पूर्णच गेलं, ते मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

आणि मग डिसेंबर २०२४ चा निर्णय. न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलच्या सैनिकी ज्युनिअर कॉलेजात खेळून, दुसऱ्या एका विद्यापीठात दोन हंगाम काढून नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आलेला एक क्वार्टरबॅक. हायस्कूल संपलं तेव्हा त्याला कुठल्याही मोठ्या संघानं विचारलं नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या संघानं पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला ४०-३५ नं हरवलं. नोव्हेंबरात तो नॅशव्हिलच्या संघराज्य न्यायालयात गेला: माझा जुकोतला हंगाम मोजू नका, मला २०२५ खेळू द्या. महामारीचा हंगाम तसाही माफ होता, त्यामुळे प्रत्यक्ष वाद एकाच हंगामाचा, २०२१ चा.

त्याचं म्हणणं असं: जुकोत नावावर पैसे मिळत नाहीत, टीव्हीवर सामने नाहीत, मग तिथलं वर्ष इथल्या वर्षाच्या बरोबरीचं कसं? खासगी शाळेत बारावीनंतर एक जादा वर्ष खेळलं तर तो हंगाम मोजत नाहीत. धर्मप्रसाराला किंवा सैन्यात गेलेल्याचं घड्याळ थांबतं. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाचा क्वार्टरबॅक २००० साली हाइजमन घेताना २८ वर्षांचा होता, मधली सहा वर्षं त्यानं पगार घेऊन बेसबॉल खेळलं होतं. मोजायचं फक्त जुकोचं, जिथं गरीब पोरगं जातं. एनसीएएची बाजू अशी, की जुको हे कॉलेजच आहे, तिथं पदवी मिळते. मुलगा पंचविशीपर्यंत खेळत राहिला तर हायस्कुलातून येणाऱ्याची जागा जाते, आणि रेघ कुठे तरी ओढावीच लागते. यातला हायस्कूलवाल्याच्या जागेचा मुद्दा खोटा नाही. पोर्टलनं त्याच जागा खाल्ल्या तेव्हा तो इतक्या कळकळीनं कुणी मांडला नव्हता, एवढंच.

१८ डिसेंबरला न्यायाधीशांनी त्याच्या बाजूनं तात्पुरता मनाई हुकूम दिला. पैसे आल्यापासून पात्रतेचा नियम हा धंद्याचाही नियम झालाय, असा त्याचा आशय. संघटनेनं अपील केलं, पण त्याच आठवड्याभरात सर्वांनाच एक वर्षाची सूट जाहीर केली: संघटनेबाहेरच्या कॉलेजात खेळल्यामुळे ज्यांचे हंगाम २०२४-२५ मध्ये संपत होते, त्यांनी २०२५-२६ खेळावं. एका वर्षापुरतंच. परिणाम लगेच दिसला. जे जुकोवाले जानेवारीत घरी जाणार होते ते पोर्टलवर आले. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या मोठ्या तडजोडीनं ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा काढून संघात १०५ माणसांची मर्यादा आणली. म्हणजे शिष्यवृत्तीविना शेवटच्या बाकावर बसून शिकणाऱ्या हायस्कूलच्या पोरांची जागाही आखडली. यादीतला ‘थ्री फॉर टू’चा रकाना निरर्थक झाला, कोच शेजारी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह टाकू लागले.

ठिकठिकाणी खटले पडले. काही न्यायालयांनी मुलांना खेळू दिलं, काहींनी नाही. एकाच प्रकारच्या अर्जाला न्यू जर्सीत होकार आणि दुसरीकडे नकार. पाच वर्षांत पाचही हंगाम खेळू द्यावेत, म्हणजे मोजायची कटकटच नको, अशी चर्चा संघटनेतच सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नॅशव्हिलचं अपील वरच्या न्यायालयात निकाली निघालं. सूट दिलेली आहे, मुलगा खेळतोय, तेव्हा ठरवायला काही उरलेलं नाही, असं म्हणून न्यायालयानं ते बंद केलं. जुको हे कॉलेज धरायचं की नाही, यावर त्या आदेशात काही म्हटलेलं नाही.