बासष्ट म्हणालात की सव्वीस?

परवा किराणा घेताना फरसाणाच्या पाकिटाचा बारकोड चुरगळलेला निघाला. स्कॅनर वाचेना, म्हणून एका मुलीने आकडे मोठ्याने वाचले आणि दुसरीने टाईप केले: एकोणनव्वद, शून्य एक, बासष्ट... शेवटी स्क्रीनवर आलं, ‘चुकीचा कोड’. बासष्टचे सव्वीस झाले होते.

त्यात तिचा काय दोष? ‘बासष्ट’मधला दोन कानावर आधी पडतो, लिहायचा मात्र सहा आधी. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ दोन’ असं वाचन आणलं, तेव्हा याच गोष्टीवरून केवढा गदारोळ झाला होता!

पण मशीनला चूक कळली कशी? बारकोडचा तेरावा आकडा आधीच्या बारांवरून काढलेला असतो. त्याला चेक डिजिट म्हणतात. समजा, बारा आकडे असे आहेत: 890162304715. डावीकडून एक सोडून एक आकडे घ्या: 8, 0, 6, 3, 4, 1. बेरीज 22. उरलेल्यांची बेरीज 24, तिची तिप्पट 72. एकूण 94. दहाच्या पाढ्यातली पुढची संख्या, म्हणजे 100, गाठायला 6 हवेत, म्हणून तेरावा आकडा 6. आता 62 चे 26 करा. बेरीज 102 होते, 110 गाठायचे म्हणजे तेरावा आकडा 8 यायला हवा. पाकिटावर तर 6 छापलाय. पकडली चूक! (जाता जाता: सुरुवातीचा 890 एवढंच सांगतो की नंबर भारतातून दिला गेलाय. माल भारतात बनलाय, असं नव्हे.)

तिप्पटच का, दुप्पट का नाही? दुप्पट केली तर 5 चे 10 होतात, आणि शेवटचा अंक पाहिला तर 0 आणि 5 सारखेच दिसतात. तिपटीत तसं होत नाही. पण तिलाही एक आंधळा कोपरा आहे. शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल, तर अदलाबदल केल्यावर बेरीज नेमकी दहाने बदलते. सोळाचे एकसष्ट झाले तर बारकोडला पत्ताच लागत नाही. क्रेडिट कार्डावरची लुन पद्धत, आयबीएमच्या हान्स पीटर लुन यांची, 09 आणि 90 यांच्यात फसते.

ही भोकं 1969 मध्ये याकोबस फेरहूफ या डच गणितज्ञाने बुजवली. डच भाषेतही बासष्टला ‘दोन आणि साठ’च म्हणतात! साध्या बेरजेत 6+2 काय आणि 2+6 काय, सारखंच. फेरहूफने अशी आकडेमोड घेतली जिच्यात क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. पुठ्ठ्याचा पंचकोन कापा, एका कोपऱ्यावर खूण करा. आधी उलटा करून मग एक घर फिरवा. नंतर आधी फिरवून मग उलटा करा. खूण वेगवेगळ्या ठिकाणी येते. पंचकोनाच्या अशा दहा हालचाली म्हणजे त्याचे दहा अंक. एक आकडा चुको किंवा शेजारचे दोन उलटसुलट होवोत, ही पद्धत प्रत्येक वेळी पकडते. आधारचा बारावा आकडा याच पद्धतीने काढतात.

अर्थात नंबर या चाळणीतून गेला म्हणजे तो खरोखर कुणाचा तरी आहेच, असं नाही. मनाला येईल ते आकडे ठोकले तरी दहातला एक पास होतोच.

बँकांच्या खाते क्रमांकांना मात्र सगळीकडे चालेल असा एकच नियम नाही. त्यांची लांबीही सारखी नसते. म्हणून पैसे पाठवताना अ‍ॅप तोच नंबर दोनदा लिहायला लावतं. मी दुसऱ्यांदा लिहिताना पासबुकात बघत नाही, वरच्याच चौकटीत बघून उतरवतो.