१२ जून: ‘लव्हिंग डे’मागची गोष्ट

१२ जूनला अमेरिकेत ‘लव्हिंग डे’ पाळतात. नाव ऐकून व्हॅलेंटाइनचा धाकटा भाऊ वाटावा, पण लव्हिंग हे एका गवंड्याचं आडनाव आहे.

रिचर्ड लव्हिंग गोरा, मिल्ड्रेड जेटर कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी वंशाची. दोघंही व्हर्जिनियातल्या कॅरोलाइन काउंटीचे. तिथे १९२४च्या वंशशुद्धी कायद्याने गोऱ्यांना गोऱ्यांखेरीज कुणाशी लग्न करायला बंदी होती. म्हणून जून १९५८मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं आणि दाखला झोपायच्या खोलीत भिंतीवर लावला. जुलैत एका रात्री दोनच्या सुमारास शेरीफ बॅटरी घेऊन थेट पलंगाशी येऊन उभा राहिला. दाखल्याकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, हा इथे चालत नाही. दोघांची रवानगी तुरुंगात.

जानेवारी १९५९मध्ये एक वर्षाची कैद झाली. २५ वर्षं जोडीने राज्यात पाऊल टाकायचं नाही, या अटीवर ती स्थगित ठेवली. आपल्या भाषेत, तडीपार.

वॉशिंग्टनमध्ये मिल्ड्रेडचा जीव रमेना. १९६३मध्ये तिने अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना पत्र लिहिलं, आणि त्यातून नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनचे दोन तरुण वकील मिळाले. खालच्या कोर्टाचे न्यायाधीश बधले नाहीत. देवाने वंश निरनिराळ्या खंडांवर ठेवले, ते मिसळावेत अशी त्याची इच्छाच नव्हती, असं त्यांनी १९६५मध्ये लिहून ठेवलं. मग गोरे व्हर्जिनियात कुठून उगवले, हे काही त्यांना सुचलं नाही.

राज्याच्या सर्वोच्च कोर्टातही हार झाली आणि खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे राज्याचा युक्तिवाद वरवर सरळ होता: शिक्षा नवरा-बायकोला सारखीच, मग भेदभाव कुठे? सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. बंदी फक्त गोऱ्यांच्या लग्नांना होती. बाकीच्या वंशांनी आपसांत लग्नं केली तर कायद्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. म्हणजे शुद्धता जपायची ती गोऱ्यांचीच. १२ जून १९६७ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने कायदा रद्द केला, आणि १६ राज्यांमधली बंदी कोसळली. लव्हिंग पतिपत्नी सुनावणीला गेलेच नव्हते. माझं बायकोवर प्रेम आहे आणि व्हर्जिनियात मला तिच्यासोबत राहता येत नाही हा अन्याय आहे, एवढं कोर्टाला सांगा, असा रिचर्डचा निरोप होता.

सरकारदरबारी या तारखेची आठवण मात्र कुणाला नव्हती. अलाबामाच्या राज्यघटनेतून तर बंदीचं निर्जीव कलम २०००मध्ये निघालं, तेही सुमारे ४० टक्के मतदार ‘राहू द्या’ म्हणत असताना. २००४मध्ये न्यूयॉर्कला डिझाइन शिकणाऱ्या केन तानाबे या मिश्रवंशीय विद्यार्थ्याने शिक्षणाचा प्रकल्प म्हणून हा दिवस सुरू केला. पुढे शहरं आणि राज्यं अधिकृत घोषणापत्रं काढू लागली. देशपातळीवर सुट्टी अजून नाहीच.

रिचर्ड १९७५मध्ये अपघातात गेला, मिल्ड्रेड २००८मध्ये. निकालाच्या पन्नाशीला, २०१७मध्ये, व्हर्जिनियाने रिचमंडमध्ये स्मृतिफलक उभारला. जिथे राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला होता, त्याच इमारतीपाशी.