पहिलं पाणी जाऊ द्यायचं

सोलापुरात नळाला पाणी यायचा दिवस असला की घर लवकर जागं होतं. पाणी काही दिवसांआड येणार, म्हणून घागरी, पिंपं, हौद सगळं रिकामं करून ठेवलेलं. आधी तोटी नुसतीच फुसफुसते, मग गंजाने तांबूस झालेलं गढूळ पाणी उसळून येतं. आमची आजी घागर बाजूला घेऊन म्हणायची, "पहिलं पाणी जाऊ दे, मग भर." कोरड्या पाइपात साचलेला गाळ त्या पहिल्या लोंढ्याबरोबर येतो, आणि एखादा कच्चा सांधा असेल तर तो कोरड्या दिवसांत नाही, पाणी सुटल्यावरच फुटतो.

यकृताचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनपुढे नेमकी हीच अडचण असते. रक्त थांबलं की यकृताला इजा होते, हे कुणालाही पटेल. पण थांबलेलं रक्त परत सुरू झाल्यावर होणारी इजा अनेकदा त्याहून मोठी असते, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती तोटीच आठवली.

यकृत म्हणजे आपलं काळीज. बोलताना आपण काळीज म्हणून हात छातीवर ठेवतो, पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की मिळतं ते यकृतच. मोठ्या माणसात त्याचं वजन साधारण दीड किलो. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पाव हिस्सा त्यातून जातो. त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं यकृताच्या धमनीतून. इतकं रक्त खेळणारा मऊ अवयव कापायचा, तर रक्त आधी अडवावं लागतं. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ साली त्याचा साधा उपाय मांडला: शीर, धमनी आणि पित्तनलिका ज्या जुडग्यातून यकृतात शिरतात, ते जुडगंच दाबून धरायचं. आजही गाठ काढताना किंवा अपघातात फाटलेलं यकृत शिवताना तेच करतात.

क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, लागला की पेशींचा ऑक्सिजन तुटतो. पेशीचं काम ज्या एटीपी नावाच्या इंधनावर चालतं, त्याचा साठा झपाट्याने संपतो. सोडियम-कॅल्शियम बाहेर फेकणारे पंप मंदावतात, पेशी फुगते, आत आम्ल साचतं. शिवाय तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांत (मायटोकॉन्ड्रिया), सक्सिनेट नावाचं रसायन गोळा होत राहतं. एवढ्याने पेशी लगेच मरत नाही. क्लॅम्प सुटून ऑक्सिजन एकदम आला, की साचलेलं सक्सिनेट भराभर जळू लागतं, आणि त्या घाईत ऑक्सिजनची अतिक्रियाशील, दाहक रूपं तयार होतात. ती पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए सगळ्यांवर तुटून पडतात. यकृताची राखण करणाऱ्या कुप्फर पेशी याला हल्ला समजून धोक्याचे संदेश सोडतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि सूज आलेल्या बारीक वाहिन्या तुंबतात. म्हणजे क्लॅम्प काढला तरी काही भागाला रक्त पोचतच नाही. यकृताची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासणीतला एसजीपीटीचा आकडा वर चढतो तो यानंतर.

मग करायचं काय? जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे रक्त सलग न थांबवणं. १५ मिनिटं क्लॅम्प, ५ मिनिटं मोकळं, पुन्हा १५ मिनिटं. दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो. १९८६ साली कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग करणाऱ्यांना दिसलं, की मोठा अडथळा आणण्याआधी पाच-पाच मिनिटांचे चार छोटे अडथळे दिले तर हृदयाचा मरणारा भाग एक चतुर्थांशावर येतो. थोडा ताण सोसलेली पेशी पुढच्या ताणासाठी तयार होते. यकृतातही, सुरुवातीला १० मिनिटं अडवून १० मिनिटं सोडल्यावर, असा फायदा दिसला आहे. प्रत्येक ऑपरेशनमध्ये तो सारखा मिळत नाही, त्यामुळे मला ठरावीक वेळाने क्लॅम्प सोडण्याची साधी पद्धतच जास्त मोलाची वाटते.

प्रत्यारोपणात तर यकृत तासन्‌तास रक्ताविना राहतं. सोलापूर अवयव वाटपाच्या पुणे विभागात येतं. इथल्या मेंदूमृत दात्याचं यकृत पुण्याला न्यायचं म्हणजे सुमारे २५० किलोमीटर, आणि बाहेर एप्रिल-मेचं ४० अंशांपुढचं ऊन. पेटीत मात्र ४ अंश. इतक्या थंडीत पेशीची भूक साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. सोबत खास द्रव लागतो. त्यातला सर्वांत प्रसिद्ध द्रव बेल्झर आणि साउदर्ड या संशोधकांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार केला. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. ते थेट रुग्णाच्या रक्तात गेलं तर हृदय अडखळतं, रक्तदाब कोसळतो. म्हणून यकृत जोडताना ते आधी धुऊन घेतात, आणि काही सर्जन त्यातून येणारं पहिलं थोडं रक्तही बाहेर सोडून देतात. आजीचाच नियम, ऑपरेशन थिएटरमधला!

यापुढची पायरी मशीनची. यकृत नुसतं बर्फात न ठेवता १० अंशांच्या आसपास ऑक्सिजन मिसळलेला द्रव त्यातून खेळवायचा. थंडीत सक्सिनेट सावकाश जळतं, भडका उडत नाही. हृदय थांबून मृत्यू झालेल्या दात्यांच्या यकृतांवर नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले: नुसत्या बर्फातल्या यकृतांमध्ये पित्तनलिका आक्रसण्याचा त्रास १८ टक्के रुग्णांना झाला, मशीनवरच्या यकृतांमध्ये ६ टक्के. हा फरक मला फार मोठा वाटतो, कारण आक्रसलेल्या पित्तनलिकांपायी पुन्हा प्रत्यारोपण करायची वेळ येऊ शकते.

चरबी साठलेलं यकृत मात्र हे सगळं कमी सोसतं. चरबीने फुगलेल्या पेशी शेजारच्या बारीक वाहिन्या आधीच दाबून धरतात, आणि ऑक्सिजन परतल्यावर होणारी जळजळ तिथे जास्त असते. म्हणून भाऊ भावाला यकृताचा तुकडा द्यायला तयार असला, पण सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, तर डॉक्टर त्याला कधीकधी परत पाठवतात: आधी वजन उतरवा, दारू बंद, रोज चाला. चरबी काही आठवड्यांतच कमी होऊ लागते, आणि तेच यकृत मग क्लॅम्पखालची पंधरा मिनिटं जास्त चांगली सोसतं.