गोचिडाची आणि गाईची जुनी भावकी

खांदमळणीला बैलाच्या मानेवर हळद-लोण्याचा हात फिरवताना कानामागं एखादा टपोरा गोचीड लागतोच. उदगीरकडची देवणी असो की कंधारची लालकंधारी. देशी जनावरांवर संकरित गाईच्या मानानं गोचीड कमी टिकतात, इतकंच.

गोचीड हा कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळी-विंचवाच्या भावकीतला. गाईचं आणि त्याचं नातं तर ५० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच तुटलं. तरी दोघांच्या पेशीत एक प्रथिन जवळपास सारखंच काम करतं.

ते सापडलं तुकडे चाळता चाळता. गोचिडाचे जनुकांचे तुकडे उंदरांना गटागटानं टोचायचे, मग त्या उंदरांवर गोचीड सोडायचे आणि कुठल्या गटात त्यांचं पोट भरत नाही ते बघायचं, असा प्रयोग होता. एका तुकड्यानं काम केलं. २००३ साली तो '४डी८' म्हणून जाहीर झाला. नाव कसलं, डब्यावरची चिठ्ठीच. पुढं त्याला सबोलेसिन म्हणू लागले. गोचिडात हे जनुक गप्प केलं की तो रक्त कमी पितो, अंडीही कमी घालतो. पण हे प्रथिन करतं काय, हे कोडं होतं.

उत्तर आलं पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाशीकडून. २००८ मध्ये माशीत आणि उंदरात एक प्रथिन सापडलं, नाव ॲकिरिन. 'उलगडून दाखवणं' या अर्थाच्या जपानी शब्दावरून. जंतू शिरला की निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो आणि तिथं जंतुनाशक प्रथिनांची जनुकं चालू व्हावी लागतात. ॲकिरिन स्वतः डीएनएला धरत नाही. निरोप आणणारी प्रथिनं आणि गुंडाळलेला डीएनए मोकळा करणारी यंत्रणा यांची ते गाठ घालून देतं, गावातल्या मध्यस्थासारखं. माशीत असा एकच मध्यस्थ, उंदरात आणि माणसात दोन. त्यांतला दुसरा नसेल तर उंदराचं पिल्लू गर्भातच मरतं. म्हणजे त्याच्याकडं रोगप्रतिकाराशिवायही कामं आहेत. सबोलेसिन हे गोचिडातलं ॲकिरिनच, हे मग ध्यानात आलं.

मला गंमत वाटते ती पुढची. जंतूचा निरोप पोचवणाऱ्या माशीच्या साखळीतल्या काही कड्या गोचिडात सापडतच नाहीत, तरी साखळी चालते. कड्या गेल्या, मध्यस्थ राहिला.

लस करणाऱ्यांना मात्र हे साम्य अडचणीचं. गोचिडाविरुद्धची पहिली लस १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात बाजारात आली. तिचं लक्ष्य गोचिडाच्या आतड्यातलं प्रथिन होतं. सबोलेसिनच्या लसीत मात्र गाईच्या ॲकिरिनशी न जुळणारेच भाग निवडावे लागतात, नाहीतर गाईचं शरीर ते आपलंच समजून सोडून देईल, किंवा स्वतःवरच उलटेल. फवारणीच्या औषधांना गोचीड सरावत चाललेत, म्हणून ही खटपट. आमच्याकडं तोवर कानामागं हात घालून एकेक गोचीड काढणं चालूच आहे.